फिरलेल्या कोंबडीची फोड

सावेडी, नगर
(पत्त्यात आता अहिल्यानगर लिहायचं असतं, पण रिक्षावाला अजून नगरलाच सोडतो.)
आखाडातला शेवटचा बुधवार

श्री. बिभीषणराव यांस,

रंगनाथचा मान लववून नमस्कार. (साष्टांग घालायचा विचार होता, पण कंबर एकदा खाली गेली की वर आणायला माणूस लागतो.) तुम्ही तो ठेवून घ्या किंवा उलट टपाली परत पाठवा, वडीलधाऱ्याला नमस्कार करायला अजून तरी कुणाची परवानगी लागत नाही. गुडघे कसे आहेत? रतनवहिनींची साखर आटोक्यात आहे ना? पाऊस बेलापूरकडे फिरकला का, की नगरसारखाच नुसता गडगडून जातोय? कोंबड्या अजून दिवेलागणीला कडुलिंबावर चढतात का? आणि काळू फाटकाशी मोकळाच असतो का? (हा शेवटचा प्रश्न मी सहज विचारलेला नाही. मागच्या वेळी माझ्या पँटचा जो भाग त्याच्याकडे राहिला, तो अजून त्याच्याकडेच आहे.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी खुर्चीत बसतो, उठतो, गॅलरीत जातो, रस्ता बघतो आणि परत येऊन बसतो. एवढा मजकूर लिहिताना दोनदा उठून आलो.

पत्र का लिहितोय ते आधी सांगतो, नाहीतर अक्षर ओळखून तुम्ही ते चुलीत घालाल. फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर मी दिवाळीला पणती पाठवली, संक्रांतीला तिळगूळ पाठवला, बैलपोळ्याला बैल पाठवला. सगळ्यांच्या खाली चार वर्षं एकच बारीक टिक आहे. परवा आमच्या संस्कृतीने सांगितलं की याला ब्लॉक करणं म्हणतात. (मला वाटत होतं बेलापूरला रेंज नाही. मी मोबाईल कंपनीकडे दोनदा तक्रारही केली होती.) पोस्टमनला मात्र कुणी ब्लॉक करू शकत नाही, म्हणून हा कागद. त्याच्या मागे जे रकाने छापलेत तिकडे लक्ष देऊ नका. आमच्या कारखान्याचे तपासणीचे जुने फॉर्म आहेत, निवृत्त होताना साहेबांनी गठ्ठाच देऊन टाकला.

आता त्या दिवसाबद्दल. तुमच्या नातीचं जावळ होतं. नवसाचं बोकड होतं, दीडशे माणूस पंगतीला होतं आणि तुम्ही स्वतः बादली घेऊन वाढत होता. माझ्या ताटात चार फोडी तशाच पडलेल्या बघून तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "काय पाव्हणं, फोडी का ठिवल्या?" आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो की बिभीषणराव, हे बोकड नाही, ही म्हातारी शेळी आहे, निबर लागतीय. पंगत हसली. तुम्ही हसला नाहीत. देवाला बोकड कबूल करून शेळी घातली, म्हणजे देवालाही फसवलं आणि पाहुण्यांनाही, एवढा मोठा अर्थ त्यात होता हे मला बोलून झाल्यावर कळलं. तुम्ही म्हणालात, ह्यो शबूद माघारी घेतल्याबिगर तुमच्या घरचं पानी पिनार न्हाई. मी घेतला नाही. एकतीस वर्षं नागापूरला पंपाचे सुटे भाग तपासले मी, बिभीषणराव. पास तर पास, नापास तर नापास. साहेबाच्या सासऱ्याच्या वर्कशॉपमधून आलेला मालसुद्धा मी परत पाठवलेला आहे. असा माणूस पंगतीत बसला म्हणून त्याची नजर मऊ होत नाही. (हे माझं त्या वेळचं म्हणणं. पुढे वाचा.)

यात भरडली गेली ती सविता. तुम्हाला बोलवायची सोय नाही आणि स्वतः माहेरी जायला ती तयार नाही. म्हणते, माझ्या नवऱ्यानं भरल्या पंगतीत दादाला मान खाली घालायला लावली, तिथं मी कुठल्या तोंडानं जाऊ? चार भाऊबिजा झाल्या. चारही वेळा तिने गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं असतं; जिचा भाऊ एसटीने दोन तासांवर बसलाय तिने नाही. ताट धरायला मी मागे उभा असायचो. मला फार वाईट वाटायचं. हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं.

तर संस्कृती पुण्याहून पंधरा दिवसांसाठी आली आहे. (तिथे ती काय काम करते ते मला दर वेळी समजतं आणि नगरला पोचेपर्यंत विसरायला होतं.) पोरीने यंदा नवीनच काढलंय. मटण, कोंबडी, मासे सोडा असं ती म्हणत नाही, तसं म्हणाली असती तर मी तिला माळकरी समजून मोकळा झालो असतो. ती म्हणते, खा, पण ज्याला खाताय त्याची चौकशी तरी करा. ते कुठे वाढलं, काय खाल्लं, मोकळं फिरलं की खुराड्यात कोंबलं, किती औषधं टोचली, किती लांबून आणलं. पहिल्या दिवशी मी तिच्यावर डाफरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना माझ्या डोक्यात उजेड पडला की अरे, हे तर आपलंच काम! मालाचा उगम, लॉट नंबर, सोबत कागद आहे की नाही. हेच तर मी एकतीस वर्षं केलं आणि घरात तेलाचा डबासुद्धा तपासल्याशिवाय आत घेतला नाही. मग ज्याला आपण पोटात घालतो, तेच बिनतपासणीचं कसं चाललं इतकी वर्षं? मी अर्धी दाढी तशीच ठेवून संस्कृतीला सांगायला गेलो. तेव्हा तिला आनंद झाला. आता ती म्हणते, पप्पा, तुम्हाला सांगितलं हीच माझी चूक.

पहिल्यांदा छगनकडे गेलो. चौकातलं मटणाचं दुकान, पंचवीस वर्षं दर रविवारी मी तिथे उभा राहतो आणि तो न विचारता काळीज वेगळं बांधून देतो. मी वही काढली आणि विचारलं, हे बोकड कुठलं? तो म्हणाला, घोडेगावच्या बाजारातलं. कुणाचं? त्याने माणसाचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली, चारा काय घालतो ते सांगितलं, आणि वर म्हणाला, "सायेब, म्हनत असाल तर त्याच्या आईचा रंग सांगतो." मी म्हणालो, छगन, तोंडी चालत नाही, कागद पाहिजे. त्याने सुरा खाली ठेवला. "पंचवीस वर्सं माझ्या हातचं खाल्लं तुमी," तो म्हणाला, "आन आता कागुद मागता व्हय? कागदाचं मटन पायजे तर जावा त्या काचंच्या दुकानात." काळीज तर सोडाच, त्याने मला त्या दिवशी काहीच दिलं नाही. घरी येईपर्यंत मी स्वतःशी भांडत होतो आणि दोन्ही बाजूंनी हरत होतो.

काचेचं दुकान म्हणजे मनमाड रस्त्याला नवं सुपरमार्केट झालंय ते. साबणापासून सुरमईपर्यंत सगळं एका छताखाली, आणि आत एवढा गारठा की माणसं दहीसुद्धा स्वेटर घालून निवडतात. संस्कृतीला सोबत घेऊन मी तयारीने गेलो होतो. खिशात चष्मा, बॅटरी, स्टीलची पट्टी आणि आमच्या कारखान्याच्या लाल टॅगचं पुडकं. (लाल टॅग तुम्हाला माहीत नसेल. नापास मालाला आम्ही तो बांधतो. त्यावर वस्तू, दोष आणि निर्णय असे रकाने असतात. दुरुस्त होण्यासारखं असेल तर रिवर्क लिहायचं, नसेल तर स्क्रॅप.) कोंबडीच्या फ्रिजपाशी डोक्याला जाळी बांधलेली जया नावाची मुलगी उभी होती. पाकिटावर लिहिलं होतं, "मुक्त फिरणारी आनंदी कोंबडी", आणि खाली चित्र. चित्रात हिरवं कुरण, निळं आकाश, मागे झरा, आणि झऱ्याकाठी कोंबडी. मी जयाला म्हणालो, बाळ, आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात इतकं हिरवं गवत कुठे असतं ते सांग, म्हणजे मीही तिकडेच राहायला जातो. ती म्हणाली, "काका, मी कालपर्यंत पावात होते, आजच हिकडं टाकलंय मला." तरी बिचारीने कंपनीला फोन करून माझे प्रश्न विचारले. फिरणारी म्हणजे किती फिरणारी? दिवसाला किती वेळ? आनंदी आहे हे कुणी ठरवलं, आणि तपासणाऱ्याची सही कुठे आहे? पलीकडचा माणूस बराच वेळ ऐकत होता, मग त्याने फोन ठेवून दिला.

आता तुम्ही सांगा, असा माल कुणी पास केला असता? मी फ्रिज उघडून सलग पाकिटं बाहेर काढली. ज्याच्यावर कुठे वाढवली ते नाही त्याला लाल टॅग, ज्याच्यावर तारीख पुसट त्याला लाल टॅग, ज्याच्यावर झरा त्याला तर दोन. अकरा पाकिटांना टॅग बांधून मी वहीत नोंद करायला वळलो आणि परत बघतो तर अकराच्या अकरा पाकिटं गायब. लोकांना वाटलं लाल चिठ्ठी म्हणजे सवलत. एक बाई तर दोन टॅगवालं पाकीट छातीशी धरून पळाली, तिला वाटलं दुप्पट सवलत. पाच मिनिटांत बिलाच्या रांगेत दंगा उसळला, कारण यंत्र काही सवलत दाखवेना आणि माणसं टॅग फडकावून दाखवत होती. मॅनेजर धावत आला. त्याने टॅग वाचला, "दोष: उगम संशयास्पद. निर्णय: स्क्रॅप", आणि माझ्याकडे बघितलं. मी ओळखपत्र दाखवलं. ते कारखान्याचं होतं आणि मुदत संपलेलं होतं, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. (चांगला तपासनीस झाला असता पोरगा.) माझ्या हयातीत मी नापास केलेला माल इतक्या झटपट कधी खपला नव्हता.

कोंबडीपासून हटवलं म्हणून मी माशांकडे गेलो. गप्प उभं राहणं मला जमत नाही हे तुम्ही जाणताच. संस्कृतीने फोनवर एक यादी दाखवली होती. कुठला मासा घ्यावा, कुठला जपून घ्यावा आणि कुठला अजिबात घेऊ नये. पिल्लं पकडून खाल्ली तर पुढे मासाच उरणार नाही, म्हणून ठरावीक लांबीच्या आतला मासा घ्यायचा नाही. हे मला एकदम पटलं, माप ते माप. मी खिशातली पट्टी काढून बर्फातल्या सुरमईला लावली. पण तिचं मुंडकं आधीच कापलेलं. आता मुंडक्याशिवाय लांबी कशी धरायची? मागोमाग आलेल्या जयाला मी म्हटलं, हिचं डोकं आण, जुळवून बघू. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, काका, डोकी सकाळीच गेली. शेजारी बासा नावाचा मासा होता, त्यावर "जबाबदारीने पकडलेला" अशी पाटी. संस्कृतीने मागची बारीक अक्षरं वाचली. तो ज्या देशातून आला होता तिथे आमच्या कारखान्याचे मालकसुद्धा कधी गेले नव्हते. आणि इकडे नेवाशाकडे जायकवाडीच्या पाण्यातला ताजा मासा रस्त्याच्या कडेला टोपलीत फडफडतोय, त्याला ना पाटी ना कागद, त्या यादीत त्याचं नावही नाही. मी याचा विचार करत फ्रिजच्या बाजूने येरझाऱ्या घालायला लागलो तेव्हा सुरक्षारक्षकही माझ्या मागोमाग येरझाऱ्या घालायला लागला. शेवटी संस्कृतीने फ्रिजच्या तळाशी राहिलेलं कोंबडीचं एक पाकीट उचललं. त्यावर झरा नव्हता आणि एका फार्मचं नाव होतं. मी पुढून मागून वाचलं, बॅटरी मारून बघितलं आणि पास केलं.

इथून पुढचं मी लिहिणार नव्हतो. (पाणी पिऊन आलो. गॅलरीतही जाऊन आलो.) सविताने रस्सा केला, तुमच्या आईंच्या पद्धतीने, काळं तिखट घालून. आम्ही तिघं जेवायला बसलो. मला एक चांगली चपटी, जाडसर फोड आली. मी ती चावली. चावली, या गालातून त्या गालात घेतली, पुन्हा चावली. (दाढा काढून कवळी बसवली त्याला तीन वर्षं होतील, तुम्हाला कळवायचं राहिलं.) फोड दाद देईना, तशी मला तिची खात्रीच पटत गेली. मी संस्कृतीला म्हणालो, बघ, ही खरी फिरलेली कोंबडी. हिने आयुष्यभर चालून चालून पाय कमावलेत. तार बघ, ओढ बघ. बसून वाढलेल्या कोंबडीला ही जिद्द नसते. आणि रस कसा धरून ठेवलाय बघ! चांगलं दहा मिनिटं मी बोललो. उरलेला अर्धा भाग मी प्रेमाने तिच्या ताटात ठेवला. तिने तो उलटापालटा केला आणि म्हणाली, "पप्पा, याला एका ओळीत छिद्रं आहेत." मी म्हणालो, पिसांची असतील.

बिभीषणराव, ती कोंबडी नव्हती. पाकिटात मांसाच्या खाली पाणी शोषायला एक कागदी पट्टी घालतात, ती होती. तंगडीला खालून चिकटून पातेल्यात गेली आणि मसाला पिऊन फुगली. पाकिटाच्या कोपऱ्यात छापलं होतं, "आतील पट्टी खाण्यायोग्य नाही." अख्खं पाकीट वाचलं मी, तेवढंच वाचलं नव्हतं. (डॉक्टर म्हणाले काही होत नाही, केळी खा. कंपाउंडर मात्र बाहेर जाऊन हसला.) सविता इतकी हसली की तिला ठसका लागला. चार वर्षांत ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मी पण हसणार, तेवढ्यात ती थांबली. डोळे पुसले आणि म्हणाली, "ह्याच जिभेनं माझ्या दादाला नापास केलं व्हय तुमी?" आणि उष्ट्या हाताने उठून गॅलरीत गेली.

संस्कृतीने तिला मागाहून विचारलं, मामाचं ते बोकड कुठून आणलं होतं? सविता पाठमोरीच सांगत होती. कुठून आणायचं, घरचंच. त्याची आई दुसऱ्या दिवशी मेली, मग वहिनींनी बाटलीने दूध पाजून ते वाढवलं. बांधाबांधाने मोकळं फिरायचं, शेवरीचा पाला खायचं, वहिनी हाक मारायच्या तर ओसरीवर चढायचं. आणि जावळाच्या दिवशी दीडशे माणसं जेवली पण वहिनी जेवल्या नाहीत, कोपऱ्यात बसून भात कालवत राहिल्या. हे मला माहीतच नव्हतं. मी त्या वेळी बहुतेक तुमच्या व्याह्यांना सांगत होतो की शेळी कशी ओळखावी. संस्कृतीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताटं उचलायला लागली. काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

तर मुद्द्यावर येतो. येत्या रविवारी आखाड संपतोय. मग श्रावण, मग गणपती, मग नवरात्र, म्हणजे दिवाळीपर्यंत घरात काही शिजायचं नाही, आणि संस्कृतीही परत जाईल. तरी रविवारी तुम्ही आणि वहिनींनी नगरला यावं आणि येताना कडुलिंबावर झोपणारे दोन कोंबडे आणावेत, असं मी सुचवतो. मी त्यांची कुठलीही तपासणी करणार नाही. झालं गेलं दोन्ही बाजूंनी विसरून जावं, असं माझं मत आहे. वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद, काळूला दुरूनच.

तुमच्या बहिणीचा नवरा (हे नातं तरी कुणाला ब्लॉक करता येत नाही),
रंगनाथ

ता. क. (गुरुवार) : कोंबडे एसटीत आणू देतात की नाही ते चौकशी करून कळवतो. पाणी आमच्याकडे नळाचं आहे, तुम्ही ते पिणार नसलात तर मी बाटलीचं आणून ठेवीन, म्हणजे तुमचा शब्दही राहील. या पत्राचं सविताला काही माहीत नाही.

ता. क. २ (शनिवार, संध्याकाळ) : पत्र अजून माझ्याकडेच आहे. तीन वेळा पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि तीन वेळा परत आलो. पाकिटात काहीतरी कमी आहे असं वाटत होतं, वजन करून बघितलं तर बरोबर होतं. काय कमी आहे ते आता लिहितो. त्या दिवशी माझी दाढ हलत होती. सकाळपासून हलत होती, पाण्याचा घोटसुद्धा लागत होता. माझ्या डाव्या हाताला तुमचे सत्तरीचे चुलते नळ्या फोडून ओढत होते, आणि मला सत्तावन्नाव्या वर्षी मऊ फोड चावेना. तुम्ही दीडशे माणसांत विचारलंत, फोडी का ठेवल्या, आणि माझा दात पडायला झालाय हे सांगायची मला लाज वाटली. तेवढ्यासाठी मी तुमच्या बोकडाची शेळी केली. मटण कोवळं होतं, बिभीषणराव. रस्सा मी तीन वेळा मागून घेतला होता, हे तुमच्या कसं लक्षात आलं नाही? आमच्याकडे मोजायची साधनं वर्षातून एकदा बाहेर पाठवून तपासून आणायचो, कारण मापच चुकलं तर चांगला माल नापास होतो. माझं माप चुकलं होतं. माल चांगला होता. शब्द माघारी घेतो, तुमच्यापुढे आणि वहिनींपुढे. वहिनींपुढे जास्त.

ता. क. ३ (रविवार) : वर मी कोंबडे आणा वगैरे जे लिहिलंय ते रद्द समजावं. काल हे पत्र टेबलावर उघडं ठेवून मी चालायला गेलो होतो. सकाळी उठलो तर घरात कुणी नाही. माझ्या कवळीच्या डबीला लाल टॅग बांधलेला. वस्तू: रंगनाथ. दोष: जीभ. निर्णय या रकान्यात आधी स्क्रॅप लिहिलंय, ते खोडलंय, आणि पुढे रिवर्क. मागच्या बाजूला सविताचं अक्षर: "मी आणि संस्कृती दादाकडे चाललो. पत्र वाचलं. ते आम्ही नेणार नाही, तुमचं तुम्ही न्या."

म्हणून आणलंय. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. श्रीरामपूरपर्यंत एसटीत उभा होतो, पुढे जीपमध्ये बसलो, आणि आता तुमच्या फाटकाबाहेरच्या दगडावर बसून गुडघ्यावर हे लिहितोय. ओसरीखाली सविताच्या चपला दिसतायत. आतून तिचं हसणं ऐकू येतंय, त्या कागदी पट्टीचंच सांगत असणार. कोंबडा अजून कापला नसेल तर राहू द्या, मला पिठलं चालतं. आधी तांब्याभर पाणी तेवढं द्या, तुमच्या घरचं.

फाटकाच्या आत एक मुलगी येऊन उभी आहे आणि तुम्ही कोण म्हणून विचारतेय. जावळाची ती हीच ना? त्या दिवशी हिचं डोकं नुकतं गुळगुळीत केलेलं होतं. आता दोन वेण्या आहेत, खांद्याच्या खाली येतात. चार वर्षं म्हणजे किती ते मला आत्ता कळलं. तिच्याच हाती हा कागद आत देतोय. वाचून झाला की काय बोलायचं ते बोला, सगळ्यांदेखत बोला, पण त्याआधी काळूला बांधा. तो माझ्याकडे बघतोय. तुम्ही येईपर्यंत मी काही इथून उठत नाही.